रक्त थांबलं, पुढे काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय सकाळच्या चहाबरोबर काढावा असा नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही तो काढतो, कारण माझ्या पंचवीस वर्षांच्या व्यवसायात लोक ज्या गोष्टीबद्दल सगळ्यांत उशिरा तोंड उघडतात, ती हीच. मला संडासच्या रंगाबद्दल बोलायचं आहे. डांबरासारखा काळा, चिकट आणि वेगळ्याच उग्र वासाचा संडास होत असेल, तर तो पोटात रक्तस्राव होत असल्याचा निरोप असू शकतो. हा निरोप माणसाला मिळालेला असतो. पण तो घरात कुणाला सांगत नाही, कामावर तर नाहीच नाही.

मी पोटाच्या विकारांचा डॉक्टर. माझं बहुतेक काम पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात झालं. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, पुढे मोटारींचे, स्कूटरचे कारखाने आले, आणि नव्वदीनंतर कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं चाकणही कारखान्यांचं गाव झालं. माझे निम्मे रुग्ण तीन पाळ्यांत काम करणारे. ते जेवतात पाळीप्रमाणे, झोपतात पाळीप्रमाणे आणि आजारीही पाळी सांभाळूनच पडतात.

त्यांच्यापैकीच एकाची गोष्ट आधी सांगतो. नाव अर्थातच सांगणार नाही.

वय सेहेचाळीस. मूळ गाव मराठवाड्यात, राहायला चाकणजवळ नाणेकरवाडीत भाड्याच्या खोलीत. प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामगार. दिवसभर वाकून काम, त्यामुळे कंबर दुखायची. मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणायची, ती घेतली की पोटात जळजळ व्हायची, म्हणून पित्ताची गोळी घ्यायची. असं वर्षभर चाललं होतं. मग थकवा येऊ लागला, जिना चढताना धाप लागू लागली. जवळच्या दवाखान्यात रक्त कमी आहे म्हणून रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या. या लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळपट होतो. त्यामुळे संडास काळा झाला तेव्हा त्यांनी तो गोळ्यांचाच परिणाम धरला. हा चकवा नीट लक्षात ठेवा. लोहाच्या गोळ्यांनी होणारा संडास काळसर-हिरवट, पण बांधलेला असतो. रक्ताचा काळा संडास डांबरासारखा चिकट असतो, भांड्याला चिकटून राहतो, पाणी टाकलं तरी सहज जात नाही, आणि त्याचा वास लपत नाही.

एका रात्रपाळीत ते मशीनजवळच कोसळले. सहकाऱ्यांनी रिक्षात घालून आणलं. हिमोग्लोबिन होतं पाच. पुरुषात ते साधारण तेराच्या वर असायला हवं. नाडी धावत होती, रक्तदाब खाली गेलेला. सोबत त्यांची पत्नी, पदर तोंडाला लावून उभी. तिचा एकच प्रश्न होता, ‘साहेब, ऑपरेशन करावं लागेल का?’

या प्रश्नाचं उत्तर पूर्वी बहुधा ‘हो’ असंच असायचं. जठरातून रक्त वाहतंय आणि थांबत नाही, तर पोट उघडायचं. जठराची गाठ कापून रुग्ण जगवण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी १८८१ साली केलं. ऑपरेशन आजही लागतं आणि योग्य वेळी तेच प्राण वाचवतं. पण अंगात रक्त नसलेल्या माणसाचं घाईनं पोट उघडणं नेहमीच धोक्याचं. म्हणून पोट न उघडता आत पाहता येईल का आणि आतल्या आत रक्त थांबवता येईल का, हा डॉक्टरांचा फार जुना प्रश्न.

जर्मनीतले डॉक्टर कुसमाउल यांनी १८६८ साली तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या माणसाच्या घशातून सरळ नळी घालून आत डोकावण्याचा प्रयत्न केला. सर्वसामान्य माणसाला असली नळी गिळणं शक्य नव्हतं. वळणारी नळी हवी होती, आणि वळणाऱ्या नळीतून प्रकाश कसा न्यायचा ही अडचण होती. ती सोडवण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. त्यांचा लेख १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला. म्हणजे पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना आला, तेच वर्ष. त्या कल्पनेवरून बेसिल हिर्शोविट्झ यांनी अमेरिकेत १९५७ साली वळणारी दुर्बीण तयार केली आणि पहिल्यांदा ती स्वतःच गिळून पाहिली. आता काचेच्या तंतूंची जागा नळीच्या टोकावरच्या इवल्याशा कॅमेऱ्यानं घेतली आहे आणि चित्र टीव्हीसारख्या पडद्यावर दिसतं.

लोक ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात, तो घोळ इथेच मिटवू. पोटावर दोन-तीन भोकं पाडून जे करतात ती लॅपरोस्कोपी. मी बोलतोय ती एंडोस्कोपी. यात कुठेही छेद नाही, टाका नाही. करंगळीएवढी जाड आणि सुमारे मीटरभर लांब नळी तोंडातून अन्ननलिकेत, तिथून जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत जाते. त्या नळीत आणखी एक बारीक बोगदा असतो. त्यातून सुई, चिमटा, तारेचा फास अशी हत्यारं आत सरकवता येतात. म्हणजे तोंडातून गेलेली ही नळी डोळाही असते आणि हातही.

आता आपल्या रुग्णाकडे वळू. त्यांना रात्री आणलं, पण आम्ही लगेच नळी घातली नाही. नातेवाइकांना याचा राग येतो. ‘रक्त जातंय आणि तुम्ही सकाळची वाट बघताय?’ असं विचारतात. आधी रुग्णाला सावरावं लागतं. शिरेतून सलाइन, रक्ताच्या बाटल्या, पोटातलं आम्ल कमी करणारं इंजेक्शन. हाँगकाँगमध्ये पाचशेवर रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. सहा तासांच्या आत घाईनं केलेली एंडोस्कोपी आणि आधी सावरून मग चोवीस तासांच्या आत केलेली एंडोस्कोपी यांची त्यात तुलना होती. घाईनं केल्यामुळे जास्त माणसं वाचली नाहीत. रक्त किती द्यायचं याचाही अंदाज आता बदलला आहे. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलं की रक्त द्यायचं, पण ते एकदम बारा-तेरावर नेण्याचा अट्टहास करायचा नाही. हृदयविकार असेल तर हिशेब थोडा वेगळा.

सकाळी त्यांची एंडोस्कोपी केली. घशात बधिर करणारा फवारा, थोडी गुंगी, डाव्या कुशीवर झोपवून नळी आत. जठरात रक्ताच्या गुठळ्या होत्या, त्या पाण्यानं धुवून काढल्या. मला वाटलं होतं व्रण दिसेल, म्हणजे अल्सर. वेदनाशामक गोळ्यांनी नेहमी तोच होतो. पण जठराच्या खालच्या भागात, दाराजवळ, दिसली ती गाठ. वरून खरबरीत, मधोमध खड्डा पडलेली, आणि तिच्या अंगभर रक्त पाझरत होतं.

व्रण आणि गाठ यांच्या रक्तस्रावात फरक असतो, आणि उपचाराचा सगळा डाव त्या फरकावर बसलेला असतो. व्रणातलं रक्त बहुधा एका फुटलेल्या रक्तवाहिनीतून येतं. नळ फुटावा तसं. जागा सापडली की तिथे चिमट्यासारखी धातूची क्लिप लावता येते, किंवा उष्णता देऊन तोंड बंद करता येतं. गाठीचं तसं नसतं. ती पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीसारखी चारी अंगांनी पाझरते. तिच्यातल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि नाजूक. एक जागा बंद करावी तर शेजारची सुरू होते. क्लिप लावावी तर ती धरायला पक्की जागा नसते.

अशा वेळी हाताशी उपाय कोणते? पहिला, ॲड्रेनॅलिनचं पातळ केलेलं इंजेक्शन. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि थोडा वेळ मिळतो. पण एकट्या इंजेक्शनवर विसंबून राहायचं नसतं, त्याचा परिणाम ओसरतो. दुसरा, आर्गॉन प्लाझ्मा. नाव अवघड, काम सोपं. आमच्या भागातल्या वेल्डरला तर सांगावंच लागत नाही. आर्गॉन वायू तो रोज वापरतो. नळीतून हा वायू सोडायचा आणि त्यातून वीज न्यायची. गाठीला प्रत्यक्ष स्पर्श न करता वरचा दोन-तीन मिलिमीटरचा थर शेकला जातो आणि पाझर थांबतो. मोठा पृष्ठभाग एखाद्या फवाऱ्यासारखा शेकून काढता येतो, म्हणून गाठींसाठी ही पद्धत सोयीची. लवचीक एंडोस्कोपमधून ती १९९० नंतर वापरात आली.

तिसरा उपाय त्यामानानं नवा आहे. रक्त थांबवणारी पावडर. ती नळीतून दाबानं फवारायची. ओल लागली की ती चिकटते आणि जखमेवर लेप बसतो. थायलंडमध्ये गाठींतून रक्त जाणाऱ्या १०६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. पावडर वापरलेल्या गटात तीस दिवसांत पुन्हा रक्तस्राव झाला तो सुमारे दोन टक्के रुग्णांना. नेहमीच्या उपायांच्या गटात सुमारे एकवीस टक्क्यांना. पावडर स्वस्त नाही आणि सगळीकडे मिळतही नाही. शिवाय लेप काही दिवसांत गळून पडतो.

एवढं करूनही रक्त थांबलं नाही तर क्ष-किरणतज्ज्ञ मांडीच्या किंवा हाताच्या रक्तवाहिनीतून बारीक तार नेऊन गाठीला रक्त पुरवणारी वाहिनी बंद करतात. हळूहळू झिरपणारं रक्त किरणोपचारानंही आटोक्यात येतं. आणि शेवटी ऑपरेशन आहेच.

आमच्या रुग्णावर आर्गॉन प्लाझ्मा वापरला. वीस-पंचवीस मिनिटांत पाझर थांबला. गाठीचे सहा-सात तुकडे तपासणीसाठी घेतले. मी मोजे काढले, बाहेर आलो आणि त्यांच्या पत्नीला म्हणालो, ‘वहिनी, काळजी करू नका. रक्त थांबलं. ऑपरेशन लागलं नाही.’

त्या माउलीनं हात जोडले. मला बरं वाटलं. आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या दिवशी माझ्या हातून चूक झाली ती याच वाक्यात. मी म्हणालो, ‘रक्त थांबलं.’ त्यांनी ऐकलं, ‘आजार गेला.’

गाठ आहे, तुकडे तपासायला पाठवलेत, पोटाचा सीटी स्कॅन करायचा आहे, हे मी नंतर सांगितलं. पण ते नळी, वायू, तुकडे अशा शब्दांच्या गर्दीत. चौथ्या दिवशी ते उठून बसले, वरणभात खाल्ला, चेहऱ्यावर रंग आला. मला म्हणाले, ‘साहेब, आता सोडा. खाडे पडतायत. ठेकेदार दुसरा माणूस घेईल.’ मी थांबायला सांगितलं. त्यांनी स्कॅन पुढच्या आठवड्यात करू म्हणून सांगितलं, सही केली आणि घरी गेले. त्यांच्या दृष्टीनं त्यांचं काहीच चुकत नव्हतं. काळा संडास थांबला होता, चक्कर थांबली होती. बऱ्या माणसानं खाटेवर का पडून राहायचं?

सातव्या दिवशी रिपोर्ट आला. कर्करोग. आम्ही फोन लावला. कागदावर लिहिलेला नंबर ठेकेदाराच्या सुपरवायझरचा निघाला. तो म्हणाला, ‘तो माणूस काम सोडून गेला.’ कुठे गेला, त्याला माहीत नव्हतं. गावाचं नाव आमच्या कागदावर नव्हतं.

सात महिन्यांनी ते परत आले. या वेळी रक्त जात नव्हतं. जेवलेलं सगळं उलटून पडत होतं. गाठीनं जठराचं पुढचं दार बंद केलं होतं आणि आजार यकृतात पोचला होता. गाठ काढण्याची वेळ निघून गेली होती. आम्ही पुन्हा तोंडातूनच नळी घालून त्या बंद दारात धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवला. त्यांना मऊ भात खाता येऊ लागला. त्यानंतर ते चार महिने होते.

सात महिन्यांपूर्वी ती गाठ काढता आली असती का? मी खात्रीनं ‘हो’ म्हणू शकत नाही. स्कॅनच झाला नव्हता. पण तेव्हा हा प्रश्न विचारता येत होता. आम्ही रक्त थांबवून जो वेळ कमावला होता, तो कुणीच वापरला नाही. त्यांनी नाही, आणि मीही त्यांना तो नीट दिला नाही.

म्हणून आज मला जे एक वाक्य सांगायचं आहे, ते हे. एंडोस्कोपीनं गाठीचं रक्त थांबतं तेव्हा बहुतेक वेळा आजार बरा झालेला नसतो. आजारावर विचार करायला मुदत मिळालेली असते.

‘बहुतेक वेळा’ असं मुद्दाम म्हणालो, कारण सगळ्या गाठी सारख्या नसतात. ऐकणाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. एक तर काळा संडास झालेल्या शंभर माणसांत गाठ सापडते ती मोजक्यांनाच. बहुतेकांना व्रण किंवा यकृताच्या आजारामुळे अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतात, आणि त्यांवर चांगले उपचार आहेत. ज्यांना गाठ निघते, त्यांच्यातही प्रकार आहेत.

काहींना जठराच्या आतल्या अस्तरावर देठाला लटकलेल्या द्राक्षासारखी गाठ असते. तिला पॉलिप म्हणतात. तिच्या देठात तारेचा फास अडकवून, वीज देऊन ती एंडोस्कोपीतूनच कापून बाहेर काढता येते. तुकडा तपासला आणि निर्धोक निघाला, तर रक्त आणि गाठ दोन्हींचा निकाल एकाच वेळी लागतो. पुढे अधूनमधून तपासणी करायची.

दुसरा प्रकार, अगदी सुरुवातीचा कर्करोग, जो अजून अस्तरातच आहे, खोल उतरलेला नाही. तो भाग अस्तरासकट सोलून काढण्याचं तंत्र जपानी डॉक्टरांनी विकसित केलं. जपानमध्ये जठराचा कर्करोग खूप, म्हणून तिथे तक्रार नसतानाही तपासणी करण्याची पद्धत पडली आणि असे रुग्ण लवकर सापडू लागले. आपल्याकडे माणूस रक्त जाऊ लागल्यावर येतो, त्यामुळे ही संधी फार थोड्यांना मिळते.

तिसरा प्रकार, अस्तराच्या खाली, जठराच्या भिंतीत वाढणारी गाठ. तिला आम्ही ‘जिस्ट’ म्हणतो. वरचं अस्तर नितळ, पण मधे एक खड्डा पडतो आणि त्यातून एकदम भळाभळा रक्त येतं. वरवरचे तुकडे घेतले तर कधी कधी रिपोर्टात काहीच सापडत नाही आणि माणूस ‘रिपोर्ट चांगला आला’ म्हणून घरी बसतो. एंडोस्कोपच्या टोकावर सोनोग्राफी असलेल्या नळीनं ती नीट कळते. ही गाठ बहुधा ऑपरेशननं काढावी लागते, पण पुष्कळदा पोटाला लहान भोकं पाडून काम भागतं. आणि गरज पडली तर इमॅटिनिब नावाची गोळी आहे. या आजारासाठी ती २००२ साली मंजूर झाली आणि तिनं चित्रच बदललं.

चौथा प्रकार, जठराचा पसरलेला कर्करोग. इथे एंडोस्कोपी गाठ काढू शकत नाही. पण रक्त थांबवते, वाट मोकळी करते, रुग्णाला केमोथेरपी झेपेल एवढी ताकद यायला वेळ देते. यालाही मी कमी लेखत नाही. मऊ भात खाता येणं ही लहान गोष्ट नव्हे.

आता कोणता प्रकार आहे, हे रक्त थांबलं त्या दिवशी ठरत नाही. ते ठरतं तुकड्यांच्या रिपोर्टवर आणि स्कॅनवर. म्हणजे नेमकं त्या आठवड्यात, ज्या आठवड्यात माणसाला बरं वाटतं आणि घर, पाळी, हप्ता यांची आठवण होते.

त्या प्रसंगानंतर मी काही गोष्टी बदलल्या. रुग्णाच्या कागदावर दोन फोन नंबर घेतो, त्यातला एक गावाकडचा, शक्यतो घरातल्या बाईचा. बाया नंबर बदलत नाहीत आणि निरोप विसरत नाहीत. घरी जाताना देतो त्या कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहितो, ‘रक्त थांबले आहे. गाठ अजून आहे. रिपोर्टसाठी अमुक तारखेला या.’ आणि समजावून झालं की रुग्णाला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावतो. भोसरीच्या एका फिटरनं एकदा सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘म्हणजे डॉक्टरसाहेब, लीकेज बंद केलंय, पण पंप अजून खोलून बघायचाय.’ इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं. तो गृहस्थ रिपोर्टला वेळेवर आला. गाठ जिस्ट निघाली, ऑपरेशन झालं, आणि तो अजून कामावर जातो.

तुम्हीही, तुमच्या घरात कुणाची अशी एंडोस्कोपी झाली, तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. रक्त कशातून येत होतं, व्रणातून की गाठीतून? तुकडा घेतला का आणि रिपोर्ट कधी येणार? आणि पुढचं पाऊल काय, कुठल्या तारखेला? या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नका. यात डॉक्टरांवर अविश्वास नाही. उलट चांगल्या डॉक्टरला अशा माणसाचा आधारच वाटतो.

खर्चाचं आणि रजेचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. आमच्या भागात खरा प्रश्न तोच. ज्यांच्या पगारातून राज्य कामगार विम्याचे, म्हणजे ईएसआयचे पैसे कापले जातात, त्यांनी हे ऐकावं. कंत्राटी कामगारालाही हा विमा लागू असू शकतो. आपल्या पगाराच्या पावतीवर तो कापला जातो का, ते बघा. उपचार तर मिळतातच, पण आजारपणात वर्षातले ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या सत्तर टक्के रक्कम मिळण्याची सोय त्यात आहे. कर्करोगासारख्या ठरावीक दीर्घ आजारांत, पुरेशी वर्षं आणि पुरेसे दिवस वर्गणी भरलेली असेल तर, ऐंशी टक्क्यांप्रमाणे दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. मला आजवर भेटलेल्या कामगारांपैकी फार थोड्यांना हे माहीत होतं. त्या नाणेकरवाडीच्या गृहस्थांना नव्हतं, आणि मीही त्यांना विचारलं नव्हतं. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं रुग्णालय आहे. विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरचे अनेक उपचार बसतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं. संत तुकारामनगरचं महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, पुण्याचं ससून आहे. पैसे नाहीत म्हणून रिपोर्टच आणायला जायचं नाही, असं करू नका.

आता थोडं पुढच्या काळजीबद्दल. वेदनाशामक गोळ्यांनी कर्करोग होत नाही, पण व्रण होतो, आणि असलेल्या गाठीतून रक्त सुरू व्हायला मदत होते. कंबरदुखीसाठी आठवडेच्या आठवडे मेडिकलमधून गोळ्या आणून खाऊ नका. मात्र हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली असेल, तर ती आपल्या मनानं बंदही करू नका. काळा संडास दिसला तर लगेच दाखवा.

पोटात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू व्रणाचं मोठं कारण आहे. हे शोधून काढणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळालं. हाच जंतू वर्षानुवर्षं राहिला तर काहींना जठराचा कर्करोग होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९४ साली त्याला कर्करोगाचं निश्चित कारण मानलं. तपासणीत तो सापडला तर सुमारे दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुधा जातो. त्यातली एक गोळी असते ॲमॉक्सिसिलिनची, म्हणजे पेनिसिलिनच्याच घराण्यातली. जे औषध बनवण्यासाठी पिंपरीला कारखाना आला, त्याच औषधाची नात आज पिंपरीतल्या कामगाराच्या जठराची राखण करते. फक्त कोर्स अर्धवट सोडायचा नाही.

तंबाखू आणि सिगारेट यांच्याबद्दल नवीन काय सांगणार? मिश्रीही तंबाखूच, एवढंच आयाबहिणींना सांगतो.

आणि शेवटी, कुणी थांबू नये अशी लक्षणं. काळा चिकट संडास. कॉफीच्या गाळासारखी किंवा रक्ताची उलटी. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर नव्यानं सुरू झालेलं आणि न जाणारं अपचन. दोन घास खाल्ले की पोट भरणं, कारण नसताना वजन उतरणं, गिळायला त्रास. आणि पुरुषाच्या अंगातलं रक्त कमी होणं. पुरुषाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर नुसत्या रक्तवाढीच्या गोळ्यांवर थांबू नका. रक्त जातंय कुठे, हे शोधायलाच हवं. काळ्या संडासाबरोबर चक्कर आली, घाम फुटला, तर मात्र उद्याची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करा. चाकणहून पिंपरी वीसेक किलोमीटर, पण पाळी सुटायच्या वेळी पुणे-नाशिक रस्त्यावर हेच अंतर किती लांबतं, हे तिथल्या माणसाला मी सांगायला नको.

मघाच्या त्या वहिनी नंतर एकदा भेटल्या होत्या. धाकट्या दिराला घेऊन आल्या होत्या. त्याचं पोट दुखत होतं, काळा संडास झाला होता. मी एंडोस्कोपी केली. साधा व्रण होता. बाहेर येऊन मी म्हणालो, ‘वहिनी, रक्त थांबलं.’

त्यांनी हात जोडले नाहीत. त्या म्हणाल्या, ‘ते झालं, साहेब. तुकडा घेतला का? रिपोर्ट कवा यायचा?’